परदेशी पार्सल पाठवताय? आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा

तुळशीची लग्नं लागली, फराळाचे डबे घासून पुन्हा फळीवर गेले, आणि आता सगळं शांत झाल्यावर हे लिहायला बसलोय. दिवाळीच्या आधी लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण आपल्याकडे आता प्रत्येक आळीत दोन-चार घरं अशी आहेत की ज्यांचा मुलगा, मुलगी, नात बाहेर आहे. कुणी न्यू जर्सीत, कुणी जर्मनीत, कुणी दुबईत. तेव्हा वेळ काढून वाचा.

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत बाळंत झाली. पहिलं बाळंतपण. काकूंना व्हिसा वेळेत मिळाला नाही, त्यामुळे जाता आलं नाही. मग त्यांनी काय केलं असेल, ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. डिंक आणला, खारीक फोडली, खोबरं किसून भाजलं, आणि डिंकाचे लाडू केले. थोडे मेथीचे. बाळाला आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. सगळं मिळून साडेपाच किलो.

नेमकं त्याच सुमाराला आपल्या पोस्टाची अमेरिकेची पार्सल सेवा बंद होती. अमेरिकेनं ३० जुलै २०२५ ला आदेश काढला, की ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जी करमाफी होती ती २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी बंद. आता कर गोळा कोणी करायचा, कसा भरायचा, हे विमान कंपन्यांना आणि टपाल खात्यांना कळेना. भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून बुकिंग थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. वसुबारस १७ तारखेला होती. म्हणजे फराळाच्या दृष्टीनं वरातीमागून घोडं.

मग काकूंना घेऊन मीच गेलो एका खासगी एजंटकडे. हो, मीच. म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकारही आहे आणि थोडी लाजही आहे.

एजंट बोलायला गोड. "काकू, काही काळजी करू नका, दहा दिवसांत दारात." वजन केलं, पैसे घेतले, आधारकार्डाची झेरॉक्स घेतली. आत काय आहे विचारलं, काकूंनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, मी लिहितो बरोबर." काय लिहिलं ते ना त्यानं दाखवलं, ना आम्ही विचारलं. पावतीवर फक्त वजन, रक्कम आणि एक नंबर.

तीन आठवडे तो नंबर एकाच जागी अडकून होता. मग तिकडून मुलीनं फोटो पाठवला, तिला आलेल्या कागदाचा. पाठवणाऱ्याचं नाव: मुंबईतली कुठली तरी ट्रेडिंग कंपनी. आतला माल: वापरलेले सुती कपडे. किंमत: १२ डॉलर. पार्सल उघडलं, आत कपड्यांच्या खाली लाडवांचे तीन डबे निघाले. घोषणा आणि माल जुळत नाही म्हणून अडवलं, आणि शेवटी नष्ट केलं. दुपटीसकट.

काकू एवढंच म्हणाल्या, "अरे, लाडू जाऊ दे. ते लुगडं माझ्या आईचं होतं."

एजंटकडे गेलो तर त्याचं उत्तर ठरलेलं. "साहेब, कस्टमवाल्यांनी टाकलं, त्याला आम्ही काय करणार? आम्ही सगळ्यांचं असंच पाठवतो. शंभरात एखादं अडकतं." पैसे परत नाहीत. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. चार ठिकाणी विचारून बघा, चारही ठिकाणी थोड्याफार फरकानं हेच चालतं.

आता मुद्द्याचं बोलतो.

आपण सगळे कस्टमला शिव्या घालतो. ट्रम्पला घालतो. व्हॉट्सॲपवर तर त्या महिन्यात अमेरिकेला आपल्या चकलीची भीती वाटते असे विनोदही फिरले. टॅरिफ अन्यायाचं आहे का? माझ्या मते आहे. भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के कर लावला, ती दादागिरीच होती. पण काकूंचे लाडू टॅरिफनं मारले नाहीत. ते मारले त्या चिठ्ठीवरच्या खोट्या तीन ओळींनी.

ऐका कसं ते. करमाफी गेली ती ८०० डॉलरपर्यंतच्या विकत घेतलेल्या मालाची. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली खरोखरची भेट, १०० डॉलरच्या आतली, तिला माफी कायम आहे. लाडू आणि दुपटी मिळून १०० डॉलर होत नव्हते. दुसरं, अमेरिकेत खाद्यपदार्थ यायचे तर तिथल्या एफडीएला आधी सूचना द्यावी लागते. पण स्वतःच्या घरात केलेला पदार्थ, करणाऱ्यानंच, धंदा म्हणून नाही तर भेट म्हणून एखाद्या व्यक्तीला पाठवला, तर त्या आगाऊ सूचनेतून सूट आहे. आईनं मुलीला पाठवलेले लाडू या सुटीत बसतात. जणू त्यांच्यासाठीच लिहिलेली.

पण कागदावर आई होती कुठे? आईच्या जागी ट्रेडिंग कंपनी. लाडवांच्या जागी जुने कपडे. म्हणजे भेटीची सूट गेली, घरगुती पदार्थाची सूट गेली, आणि वर खोटं बोलल्याचा ठपका. खरं लिहिलं असतं तर पार्सल शंभर टक्के सुटलंच असतं असं मी म्हणत नाही. अधिकाऱ्याला उघडून बघायचा अधिकार असतोच, आणि तुपातुधाच्या पदार्थांवर वेगळे नियम असतात. पण खऱ्या कागदावर बाजू मांडता आली असती. खोट्या कागदावर काय मांडणार?

म्हणजे ज्या गोष्टीत खरं बोलणं स्वस्त होतं, तिथेही आपण खोटं बोललो. सवय म्हणून.

यावर लोक म्हणतात, "अहो, पण एवढं काय त्या लोकांना? लाडूच तर आहेत, बॉम्ब थोडेच आहेत." इथे मला आपल्याच एका शत्रूची आठवण करून द्यायची आहे. गाजरगवत. काँग्रेस गवत म्हणतो आपण. रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात, सगळीकडे. अंगाला खाज, दमा, जनावरांचं दूध कडू. हे इथलं नाही. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा दिसलं, आणि परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. सत्तर वर्षं झाली, अजून उपटतोय. कुठल्या तरी बंदरात कुणीतरी पोती नीट बघितली असती तर?

तीच भीती त्यांना आपल्याबद्दल आहे. धान्याला लागणारा खापरा भुंगा हा मूळचा भारतीय उपखंडातला. म्हणून अमेरिकेत हौशीनं बॅगेतून नेलेला आपला आंबेमोहोर, इंद्रायणी तांदूळ विमानतळावर काढून घेतात. ओला कढीपत्ता नेऊ देत नाहीत, कारण त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो. हापूस अमेरिकेत जातो तो २००७ पासून, आणि तोही विकिरण करूनच. लासलगावला, वाशीला त्याची केंद्रं आहेत. पेटी बांधून पोस्टानं टाकता येत नाही. ऑस्ट्रेलिया तर बियाणं, दुधाची मिठाई, पानं, फुलं याबाबतीत आणखी कडक. युरोपीय महासंघात बाहेरून खासगी माणसाच्या पार्सलमधून मांस आणि दुधाचे पदार्थ येऊच देत नाहीत. म्हणजे पेढा, बर्फी, खवा विसरा.

आणि आता एक गोष्ट, जी माझ्या माहितीतल्या दहातल्या नऊ लोकांना माहीत नव्हती. अनारसे. अनारशाला काय लावतो आपण? खसखस. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपण करंजीच्या सारणात घालतो, डिंकाच्या लाडवात घालतो, आणि प्रेमानं दुबईच्या पोराला पाठवतो. तिथे पाकीट उघडलं तर त्याची नोकरी आणि व्हिसा दोन्ही पणाला. पाठवणारी आई इथे, आणि जाब विचारणार पोराला. हे एका पाटीवर मराठीत लिहून दुकानात लावायला किती खर्च येतो?

दुसरा मुद्दा. "अमेरिकेनंच आपल्या भेटवस्तूंवर डोळा ठेवला" असं म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. त्या डिसेंबरमध्ये आपल्याच सरकारनं परदेशातून पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची करमाफी काढून टाकली. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. कारण काय? चिनी ऑनलाइन कंपन्या विकलेला माल 'गिफ्ट' लिहून एकेका पत्त्यावर पाठवत होत्या. अमेरिकेनं आता ८०० डॉलरची माफी काढली त्यामागे दिलेल्या कारणांमध्येही हेच होतं: छोट्या पाकिटांच्या आडून येणारा चिनी माल, आणि अमली पदार्थ. दोन्हीकडे 'गिफ्ट' हा शब्द खोटेपणानं वापरून वापरून गुळगुळीत केला गेला, आणि शेवटी खऱ्या भेटी पाठवणाऱ्या आया आणि मावश्या त्यात चिरडल्या. आपला एजंट जेव्हा धंद्याच्या मालावर 'गिफ्ट' लिहितो, तेव्हा तो पुढच्या वर्षीच्या तुमच्या खऱ्या भेटीचा रस्ता बंद करत असतो.

तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. सही कुणाची?

पोस्टानं पाठवताना सीएन २२ किंवा मोठ्या किमतीला सीएन २३ नावाचा फॉर्म असतो. त्यात आत काय आहे, किती नग, किती वजन, किती किंमत, कुठल्या देशात बनलं, भेट आहे की विक्रीचा माल, हे सगळं लिहायचं असतं. खाली लिहिलेलं असतं की वरील माहिती खरी आहे. आणि त्याखाली सही पाठवणाऱ्याची. एजंटची नाही, क्लार्कची नाही, तुमची. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमानं ही माहिती संगणकावरून पार्सलच्या आधी त्या देशात पोचवावी लागते. म्हणजे तुमचं पार्सल मुंबईतून उडायच्या आधी तिकडच्या पडद्यावर दिसत असतं. "कोण बघतंय तिथे" हे दिवस संपले. युरोपात तर नुसतं 'गिफ्ट', 'फूड', 'पर्सनल इफेक्ट्स' असं मोघम लिहिलेलं आता चालत नाही, काय आहे ते नावानिशी लागतं.

आणि आपण काय करतो? आधारची झेरॉक्स देतो, कोऱ्यावर सही करतो, आणि घरी येऊन नंबर टाकून बघत बसतो.

याच अज्ञानाचा दुसरा टोकाचा फायदा चोर घेतात. "तुमच्या नावानं परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय, कस्टममधून बोलतोय, व्हिडिओवर या." डिजिटल अरेस्टचे हे फोन आपल्या भागातही येतात. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं, इतकं ते पसरलं. शिकलेसवरलेले लोक का फसतात? कारण त्यांनी खरंच कधीतरी पार्सल पाठवलेलं असतं, आधारची झेरॉक्स खरंच कुणाकडे तरी पडलेली असते, आणि त्यावर काय लिहिलं गेलं हे त्यांना खरंच माहीत नसतं. मनात शंका असते म्हणून भीती बसते. ज्याच्याकडे स्वतः वाचून सही केलेल्या फॉर्मची प्रत आहे, तो माणूस फोन ठेवून देईल आणि १९३० वर तक्रार करेल.

आता कुणी म्हणेल, एजंटला एवढा दोष का? त्याचं पोट आहे. खरं आहे. सगळे लबाड आहेत असंही मी म्हणत नाही. पोस्टाचा माणूस घरी येऊन पॅकिंग करत नाही, एजंट करतो. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, एजंट भरतो. आपल्या पोस्टात परदेशी पार्सलचं विचारलं तर अनेकदा "मोठ्या पोस्टात जा" एवढंच उत्तर मिळतं, आणि मोठ्या पोस्टात गेलं तर ज्याला माहिती आहे तो रजेवर असतो. लोक एजंटकडे लबाडीसाठी जात नाहीत, मदतीसाठी जातात. लबाडी त्या मदतीबरोबर फुकट मिळते. म्हणून माझं मागणं दोन्हीकडे आहे.

एजंट लोकांकडे माझं एकच मागणं. पार्सल बंद करण्याआधी त्यावर जे लिहिणार ते ग्राहकाला वाचून दाखवा, आणि एक प्रत हातात द्या. पाठवणारा म्हणून त्याचंच नाव घाला. जो पदार्थ त्या देशात जात नाही तो "जाईल हो" म्हणून घेऊ नका, परत द्या. गिऱ्हाईक तुटेल असं वाटतं, पण उलट होईल. ज्याच्याकडे प्रत मिळते त्याच्याचकडे लोक जातील, आणि मी स्वतः त्याचं नाव इथे मोठ्या अक्षरात लिहीन.

टपाल खात्याकडे मागणं असं. गणपतीच्या आधी, म्हणजे लोक दिवाळीची तयारी सुरू करण्यापूर्वी, मुख्य पोस्टात मराठीत एक फलक लावा. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई, सिंगापूर. सात देश. काय जातं, काय जात नाही, भेटीची मर्यादा किती. आणि आठवड्यातून दोन दिवस का होईना, फॉर्म भरायला मदत करणारा एक माणूस बसवा. टपाल खात्यानं निर्यातीसाठी देशभर हजाराच्या वर डाकघर निर्यात केंद्रं काढली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ती कशासाठी आहेत हे आपल्या तालुक्यातल्या किती बचत गटांना माहीत आहे?

बचत गटांचं वेगळं लिहितो, कारण तिथे नुकसान मोठं आहे. आपल्या आसपासच्या गावांत बायका उत्तम चकली, शेव, पापड, मसाले करतात. पुणे-मुंबईमार्गे ते बाहेरही जातं. पण जातं 'गिफ्ट' म्हणून. पैसे घेऊन विकलेला माल भेट नसतो, ते व्यापारात मोडतं. व्यापाराला आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, सरकारी फी ५०० रुपये. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची नोंद लागते. अमेरिकेत विकायचं तर तिथल्या एफडीएकडे उत्पादनाच्या जागेची नोंदणी, तिथला एक प्रतिनिधी, आणि पाठवण्याआधी सूचना. हे एकट्या गटाला जड आहे, पण दहा गट एकत्र आले तर नाही. 'उमेद'वाल्यांनी, जिल्हा उद्योग केंद्रानं नुसते केक आणि मेणबत्त्यांचे वर्ग घेण्यापेक्षा एक वर्ग याचा घ्यावा. नाहीतर होतं काय, की बाईच्या हातची चकली विकली जाते, पण कागदावर ती बाई कुठेच नसते. तिच्या नावावर निर्यात नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. माल अडकला तर नुकसान मात्र तिचंच.

आणि आपले पुढारी. दिवाळीत 'परदेशी फराळ पाठवा' म्हणून मांडव टाकतात, फ्लेक्स लावतात. त्यांनीही पुढच्या वर्षी मांडवात फ्लेक्सच्या शेजारी तो सात देशांचा तक्ता लावावा. फोटो थोडा छोटा केला तर जागा होईल.

शेवटी आपल्यासाठी. मी आता स्वतःपुरते काही नियम केलेत, ते देतो. पटतील ते घ्या.

१. आधी ज्याला पाठवायचंय त्याला विचारा. त्या देशाच्या कस्टमच्या आणि शेतीखात्याच्या संकेतस्थळावर त्यानं पाच मिनिटं बघावं. इंग्रजी त्याचं आपल्यापेक्षा बरं असतं.

२. भेटीची मर्यादा लक्षात ठेवा. अमेरिका १०० डॉलर, इंग्लंड ३९ पौंड, युरोपीय महासंघ ४५ युरो, कॅनडा ६० कॅनेडियन डॉलर. त्यावर गेलात तर कर लागू शकतो, आणि तो बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. अमेरिकेचा पोस्टात बुकिंगलाच घेतात. दर बदलत असतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी विचारा, मागच्या वर्षीच्या पावतीवर जाऊ नका.

३. यादी स्वतः लिहा. 'घरी केलेले डिंकाचे लाडू, १ किलो, इतके रुपये. सुती दुपटी, ४ नग, इतके रुपये.' इंग्रजीत लिहायला शेजारच्या कॉलेजच्या पोराला बसवा. मोघम काही नको.

४. किंमत खरी लिहा. हजाराची साडी शंभर लिहिली, तर हरवल्यावर भरपाईही शंभराचीच मागता येते.

५. खसखस, खवा, ओली पानं, बियाणं, लोणच्याची काचेची बरणी, नाव नसलेली चूर्णं आणि औषधं, हे आधी विचारल्याशिवाय घालूच नका. ज्याला गरजच आहे त्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट रीतसर मार्ग बघावा.

६. कुरिअरनं पाठवत असाल तर खोक्याचं माप बघा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००, हे त्यांचं 'आकारमानाचं वजन'. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं ७.२ किलो धरतात, आत चार किलो चिवडा असला तरी. चिवडा हलका म्हणून स्वस्त पडेल, असं नाही.

७. आधारच्या झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त अमुक तारखेच्या पार्सलसाठी'. खाली सही.

८. घोषणेची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रत देत नाही म्हणाला तर पार्सल उचला आणि घरी या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. काकूंच्या बाबतीत आम्ही ती केली आहे. काय होतं ते इथेच कळवीन.

एक आक्षेप मला माहीत आहे. "एवढं सगळं करायचं त्यापेक्षा तिकडेच विकत घ्या म्हणावं. तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं." मिळतं. डिंकाचे लाडूही मिळतात. पण काकूंना विचारा की त्या लाडू पाठवत होत्या का. त्यांना व्हिसा नव्हता, म्हणून त्यांनी जे पाठवता येण्यासारखं होतं ते पाठवलं. म्हणूनच त्या खोक्यावर काय लिहिलं जातं याची किंमत आहे. त्यावर 'जुने कपडे, १२ डॉलर' लिहून आपण स्वतःच त्याची किंमत ठरवली, आणि समोरच्यानं तीच धरली.

काकूंनी १५ ऑक्टोबरनंतर पुन्हा लाडू वळले. यावेळी पोस्टातून. फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला, दीड तास लागला, दोनदा खाडाखोड झाली. पाठवणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव. सही करताना त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला म्हणाल्या, "हे पहिल्यांदाच करायला हवं होतं ना रे?"

हो काकू, करायला हवं होतं.

पार्सल अजून वाटेत आहे. पोचेल की नाही मला माहीत नाही. पण अडलंच, तर या वेळी कागदावर आईचं नाव आहे आणि लाडवांना लाडू म्हटलंय.

(पोस्ट उपयोगी वाटली तर पुढे पाठवा, माझं नाव काढून टाकलं तरी चालेल. खसखशीचं मात्र दुबईवाल्यांच्या घरी आजच सांगा.)